थेंबाखालचा थर : अर्धवाहक मिश्रणांच्या वाढीत धातूच्या थेंबांचे स्थान

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेच्या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या भुजा आणि लेसर यांविषयी मराठवाड्यात तेव्हापासून पुष्कळ लिहिले गेले. आरशांवरील लेपांविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही. आजच्या लायगोतील लेप सिलिका आणि टँटालमच्या ऑक्साइडचे आहेत, आणि त्यांच्यातील औष्णिक थरथर सूक्ष्म मोजमापाच्या आड येते. गॅलियम आर्सेनाइड व अ‍ॅल्युमिनियम-गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकांच्या स्फटिकी लेपात ही थरथर सुमारे दहापटीने कमी असते, असे गॅरेट कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवले, म्हणून पुढच्या पिढीतील उपकरणांसाठी त्याचा विचार होत आहे. अशा थरांवर अधूनमधून काही मायक्रॉन लांबीचे अंडाकृती डाग दिसतात, आणि त्यांचा माग काढत गेल्यास बऱ्याचदा गॅलियमचा एखादा थेंबच सापडतो.

हे थर मॉलेक्युलर बीम एपिटॅक्सी या पद्धतीने, म्हणजे अतिनिर्वात पात्रात तापलेल्या तबकडीवर मूलद्रव्यांचे झोत सोडून वाढवले जातात. गॅलियम तापवण्याच्या मुशीच्या तोंडाशी थोडा गारवा असला की वाफेतील गॅलियम तेथेच जमते, त्याचा थेंब घरंगळून खालच्या द्रवात पडतो आणि उडालेला शिंतोडा थेट तबकडीवर बसतो. १९८०च्या दशकात या डागांचा बराच अभ्यास झाला. मुशीचे तोंड अधिक तापवून ठेवणे, हा त्यावरचा एक सरळ उपाय ठरला. गॅलियम २९.७६ अंशांवर वितळते, त्यामुळे परभणीच्या एप्रिलमध्ये ते कपाटातल्या बाटलीतही द्रवच राहील.

शिंतोड्याने येणारा थेंब वेगळा आणि पृष्ठभागावर आपोआप साचणारा थेंब वेगळा. बेल प्रयोगशाळेत जॉन आर्थर यांनी १९६८ मध्ये दाखवले की, तापलेल्या पृष्ठभागावर पडलेले गॅलियम चिकटून राहते, पण जोडीला गॅलियम न मिळालेले आर्सेनिक परत उडून जाते. म्हणून आर्सेनिक मुबलक सोडावे, हा नियम रूढ झाला. ते कमी पडले की उरलेले गॅलियम थेंबांच्या रूपात गोळा होते. त्याच प्रयोगशाळेत चार वर्षे आधी, १९६४ मध्ये, वॅग्नर आणि एलिस यांनी सोन्याच्या थेंबाखाली सिलिकॉनचे बारीक तंतू वाढवून दाखवले होते : वायूतील अणू आधी थेंबात विरघळतात आणि मग त्याच्या तळाशी स्फटिक होऊन बसतात. थेंब केवळ कचरा नसून स्वतंत्रपणे स्फटिक वाढवणारे ठिकाण आहे, ही समज तेथून आली. जपानमध्ये नोबुयुकी कोगुची यांनी १९९१च्या सुमारास हेतुपुरस्सर थेंब तयार करून, त्यांना आर्सेनिक पुरवून, सूक्ष्म स्फटिक घडवण्याची रीत मांडली.

शुद्ध संयुगात थेंबाने मुख्यतः आकार बिघडतो. दोन संयुगे मिसळून केलेल्या मिश्रणात मात्र थरातील मूलद्रव्यांचे प्रमाणच बदलते, आणि माझ्या मते खरी अडचण तीच आहे. इंडियम-गॅलियम नायट्राइडमध्ये धातू जास्त झाला की गॅलियमचा नायट्रोजनशी असलेला बंध बळकट असल्याने ते आधी थरात शिरते आणि इंडियम वर ढकलले जाते. रित्सुमेइकान विद्यापीठातील संशोधकांनी २००९च्या सुमारास, आधी धातू साचू द्यायचा आणि नंतर नायट्रोजनच्या मूलकांनी (अतिक्रियाशील अणूंनी) तो संपवायचा, अशी पद्धत पुढे आणली.

सर्वांत अवघड उदाहरण बिस्मथचे आहे. गॅलियम आर्सेनाइडमध्ये दर एक टक्का बिस्मथमागे ऊर्जा-अंतर (पदार्थ कोणत्या रंगाचा प्रकाश शोषतो वा सोडतो हे ठरवणारी ऊर्जा) ८० ते ९० मिलि-इलेक्ट्रॉन-व्होल्टनी घटते, त्यामुळे अवरक्त लेसर आणि सौरघटांसाठी ते हवेसे वाटते. पण बिस्मथचा अणू मोठा असतो आणि मुबलक आर्सेनिकासमोर त्याला जागा मिळत नाही. त्याला आत घ्यायचे तर तापमान ३०० ते ४०० अंशांच्या आसपास उतरवावे लागते आणि आर्सेनिक जवळजवळ गॅलियमइतकेच ठेवावे लागते. म्हणजे १९६८ पासून ज्या सीमेपासून दूर राहायचे, तिच्यावरच उभे राहावे लागते. आर्सेनिक किंचित कमी पडले की गॅलियमचे थेंब, बिस्मथ किंचित जास्त झाले की बिस्मथचे, आणि पुष्कळदा दोन्हींचे मिश्र थेंब तयार होतात.

असा थेंब शेजारच्या पृष्ठभागावरचे भटके बिस्मथ ओढून घेतो, त्यामुळे भोवतालच्या थरात ते कमी पडू शकते. थेंबाखाली मात्र वाढ द्रवामार्फत होते आणि तेथील प्रमाण वेगळेच येते. त्यात थेंब एका जागी थांबतातच असे नाही. टेरसॉफ, जेसन आणि टँग यांनी २००९ मध्ये गॅलियम आर्सेनाइडवर स्वतःहून धावणाऱ्या गॅलियमच्या थेंबांची नोंद केली. मिश्रणाच्या थरावर थेंब सरकला, तर त्याच्या वाटेवर वेगळ्या प्रमाणाचा पट्टा मागे राहू शकतो. क्ष-किरणांची नेहमीची मोजणी तबकडीच्या मोठ्या भागाची सरासरी देते, म्हणून हे पट्टे मोजणीच्या आलेखातील एकाच रुंदावलेल्या शिखरात दडून जातात आणि थर कापून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच नीट दिसतात. वाढ संपल्यावर थेंब आम्लाने धुऊन काढता येतात. त्यांनी आत बदललेले प्रमाण धुतले जात नाही.