बेस गिटार, विंटेज

बेस गिटार, विंटेज : विद्युत्‌ बेस गिटारची जुनी, मुख्यतः १९५० ते १९७० च्या दशकांत बनलेली वाद्ये आणि त्यांच्या जोडीने वादक वापरीत आलेल्या तारा, पिकअप (तारेच्या कंपनाचे विद्युत्‌ संकेतात रूपांतर करणारा, चुंबक व तारेचे वेटोळे असलेला भाग), ध्वनिवर्धक इ. साधने. ‘विंटेज’ कोठवर म्हणायचे याविषयी संग्राहकांत एकमत नाही. अमेरिकेतील फेंडर कंपनी सीबीएस या प्रसारण कंपनीच्या ताब्यात गेली ते १९६५ हे वर्ष जुने जाणकार शेवटची मर्यादा मानीत. अलीकडे १९७० च्या दशकातील वाद्येही त्याच नावाखाली विकली जातात. प्रस्तुत नोंदीत हा सैल अर्थच घेतला आहे. चार तारांची नेहमीची जुळणी इ, ए, डी, जी अशी असून सर्वांत जाड तारेची कंप्रता ४१.२ हर्ट्‌झ, म्हणजे साध्या गिटारच्या सर्वांत जाड तारेहून एक सप्तक खाली असते.

उगम : पहिला विद्युत्‌ बेस कोणी केला हा प्रश्न बराचसा व्याख्येचा आहे. मोठ्या उभ्या बेसला पर्याय शोधण्याचे प्रयत्न विद्युत्‌ पिकअपच्या आधीपासून चालू होते. गिब्सन कंपनीने १९१२ च्या सुमारास पडद्यांचा मोठा मँडो-बेस (मँडोलिनच्या घाटाचा बेस) बाजारात आणला. १९३० च्या दशकात वाद्य-अभिकल्पक लॉइड लोअर व रिकनबॅकर कंपनी यांनी विद्युत्‌ बेस केले, पण ते उभे धरूनच वाजवायचे होते. धड भरीव, मानेवर पडदे, वाद्य आडवे धरायचे आणि आवाज पिकअपमधून काढायचा, या चारही अटी लावल्या तर पहिला मान सिअ‍ॅटलचे पॉल टटमार्क यांच्याकडे जातो. त्यांच्या ऑडिओव्हॉक्स कंपनीचा ‘७३६ बेस फिडल’ बहुधा १९३६–३७ मध्ये विक्रीस आला. काही लेखक तो १९३५ चा मानतात. मात्र टटमार्क यांनी त्याआधी उभ्या घाटाचा एक विद्युत्‌ बेसही केला होता आणि या दोन वाद्यांची गल्लत झाल्याने तारीख मागे ओढली गेली असावी. ७३६ च्या तारेची कंपनलांबी ३० इंचांहून किंचित अधिक होती. अशी सुमारे शंभर वाद्ये बनली असे सांगितले जाते. उपलब्ध आहेत ती मोजकीच. सिअ‍ॅटलचे संगीत-इतिहासकार पीटर ब्लेका यांच्या संशोधनामुळे हे वाद्य पुन्हा चर्चेत आले. टटमार्क यांच्या मुलाने १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘सेरेनेडर’ नावाने असाच बेस विकण्याचा प्रयत्न केला.

फेंडर कंपनीचे संस्थापक लिओ फेंडर यांना ऑडिओव्हॉक्सची माहिती होती काय, याचा पुरावा मिळालेला नाही. समान कल्पना दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सुचली असे मानणे सध्यातरी अधिक सयुक्तिक दिसते. अग्रक्रम टटमार्क यांचा असला, तरी पुढची सारी परंपरा फेंडर यांच्या वाद्यापासून निघाली, यावर फारसा वाद नाही.

प्रिसिजन बेस : कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे फेंडर यांनी हे वाद्य १९५१ च्या उत्तरार्धात आणले. मानेवर पडदे असल्याने स्वर नेमका लागतो, म्हणून ‘प्रिसिजन’ हे नाव. कंपनलांबी ३४ इंच ठेवली गेली आणि आजही बहुसंख्य बेस गिटार त्याच मापाचे असतात. सुरुवातीचे धड अ‍ॅश लाकडाच्या सपाट फळीचे व मान अखंड मेपलची असे. अंगाला लागणाऱ्या कडा १९५४ मध्ये उतरत्या केल्या गेल्या.

या पहिल्या वाद्याची घोडी पाहण्यासारखी आहे. तीवर तारांना टेकू देणारे दबीव तंतुद्रव्याचे दोनच तुकडे असून प्रत्येकावर दोन तारा बसत. त्यामुळे एका तारेची लांबी बरोबर केली की शेजारची बिघडे आणि वादकाला मधला मार्ग काढावा लागे. नावात ‘प्रिसिजन’ असलेल्या वाद्याची ही गंमत १९५७ पर्यंत टिकली; त्या वर्षी चार स्वतंत्र आधार आले. मधल्या काळात, १९५४ च्या आसपास, तंतुद्रव्याऐवजी पोलाद वापरात आले होते. तळव्याखालची बोटे टेकवण्यासाठी जी छोटी पट्टी असे ती तारांच्या खालच्या बाजूला बसवलेली होती. अंगठ्याने तार छेडली जाईल ही मूळ कल्पना तीतून दिसते. वादकांनी मात्र अंगठा टेकवून पहिल्या दोन बोटांनी वाजवायला सुरुवात केली. पट्टी वरच्या बाजूला सरकायला १९७० चे दशक उजाडले.

१९५७ चा बदल सर्वांत महत्त्वाचा मानला जातो. मूळ पिकअप एकाच वेटोळ्याचा होता व त्यात प्रत्येक तारेखाली एक चुंबक होता. तार चुंबकाच्या बरोबर माथ्यावरून थरथरत असल्याने सुरुवातीचा आघात तीव्र येई. त्याने स्पीकर फाटत, असे सांगितले जाते. नव्या पिकअपमध्ये प्रत्येक तारेच्या दोन बाजूंना एकेक चुंबक आला व आघात बोथट झाला. शिवाय पिकअपचे दोन तुकडे झाले. जाड दोन तारांचा तुकडा मानेकडे, बारीक दोन तारांचा घोडीकडे. दोन्हींचे वेटोळे उलट दिशेने गुंडाळलेले आणि चुंबकांचे ध्रुवही उलटे असतात. बाहेरून येणारी विजेची गुणगुण दोन्ही वेटोळ्यांत विरुद्ध दिशेने उमटून एकमेकींना रद्द करते. तारेचा संकेत मात्र एका वेळी एकाच तुकड्यात निर्माण होत असल्याने तो शाबूत राहतो. या रचनेत त्यानंतर मूलभूत फरक झालेला नाही. काही उत्पादकांनी तुकड्यांच्या जागा उलटवून पाहिल्या, एवढेच.

जाझ बेस (१९६०) या दुसऱ्या प्रतिमानात दोन स्वतंत्र पिकअप असून मानेची वरच्या टोकाची रुंदी प्रिसिजनच्या १ ३/४ इंचाऐवजी १ १/२ इंच आहे. पहिल्या काही वर्षांत त्यावर एकात एक बसवलेल्या दुहेरी कळा होत्या. संग्राहक त्यांना अधिक मोल देतात. घोडीजवळचा पिकअप १९७० च्या दशकात सुमारे एक सेंटीमीटर मागे सरकवला गेला आणि आवाजाला अधिक धार आली. हा बदल नेमका कोणत्या वर्षी झाला याविषयी भिन्न मते आहेत. तो एकदम न होता टप्प्याटप्प्याने झाला असावा.

कालनिश्चिती : फेंडरच्या जुन्या वाद्याचे वय एका खुणेवरून ठरवणे धोक्याचे आहे. पाठीमागच्या धातूच्या पट्टीवरील अनुक्रमांक सर्वांत आधी पाहिला जातो, पण तो सर्वांत कमी भरवशाचा. पट्ट्या एका डब्यातून हाताला येतील तशा बसवल्या जात, अनुक्रमाने नव्हे. मानेच्या टाचेवरची (धडात बसणाऱ्या टोकावरची) तारीख अधिक उपयोगी. १९६२ च्या आरंभापर्यंत ती पेन्सिलीने लिहीत, पुढे शिक्का मारू लागले. या शिक्क्यात महिन्याच्या आधी येणारा आकडा प्रतिमानाचा संकेत असतो. नवखे लोक तो महिन्यातला दिवस समजतात. शेवटचे अक्षर मानेच्या रुंदीचे : ए म्हणजे १ १/२ इंच, बी १ ५/८, सी १ ३/४. साहजिकच जाझ बेसवर बहुधा ए व प्रिसिजनवर सी आढळते.

तिसरी खूण पॉटवरील (आवाज कमी-जास्त करणाऱ्या कळेखालच्या विद्युत्‌ रोधकावरील) आकड्यांची. १३७६२१९ असा आकडा असेल तर १३७ हा सीटीएस या उत्पादकाचा संकेत, ६२ हे वर्ष आणि १९ हा आठवडा. म्हणजे तो पॉट १९६२ च्या एकोणिसाव्या आठवड्यात बनला. यातून वाद्य त्याआधीचे नाही एवढेच सिद्ध होते. कंपनीने १९६६ मध्ये पॉटचा मोठा साठा घेतला होता व तो १९६९ पर्यंत पुरला. त्यामुळे त्या वर्षांतील अनेक वाद्यांत सहासष्टचेच पॉट सापडतात. टाच, पॉट, रंग व डागकाम (विद्युत्‌ जोडण्यांचे सोल्डरिंग) अशा सर्व खुणा एकमेकींशी जुळल्या तरच तारीख ग्राह्य धरावी. डागकामाला हात लागलेला नसणे ही व्यापाऱ्यांच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट आहे. पुन्हा रंगवलेल्या वाद्याची किंमत मूळ रंगातल्या वाद्याच्या जवळजवळ निम्मी धरण्याचा ढोबळ प्रघात आहे.

इतर उत्पादक : गिब्सनचा पहिला विद्युत्‌ बेस १९५३ चा, व्हायोलिनच्या घाटाचा आणि उभा धरून वाजवता यावा म्हणून खाली सरकता खुंट असलेला. १९६१ च्या ईबी-३ ला ‘क्रीम’ या वाद्यवृंदाचे बेसवादक जॅक ब्रूस यांच्यामुळे प्रसिद्धी मिळाली. मोटारगाड्यांचे अभिकल्पक रे डिट्रिच यांनी आखलेला थंडरबर्ड (१९६३) दिसायला देखणा, पण मान खाली झुकणारा आहे, आणि पडला तर त्याचे शीर्ष (खुंट्यांचा भाग) मोडते. न मोडलेले जुने नमुने म्हणूनच महाग. रिकनबॅकरचा ४००० (१९५७) हा रॉजर रॉसमिझल यांचा. त्यात मान धडातून शेवटपर्यंत आरपार जाते.

जर्मनीतील हॉफनरचा ५००/१ हा पोकळ, हलका, ३० इंची बेस १९५६ मध्ये आला. बीटल्सचे पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ मध्ये हँबर्ग येथे तो घेतला. दोन्ही बाजूंनी सारखा असल्याने डावखुऱ्याच्या हातात तो विचित्र दिसत नाही, हे त्यांनी दिलेले कारण. ते वाद्य १९७२ मध्ये लंडनमध्ये चोरीला गेले आणि ते परत मिळाल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले. जपानी कारखान्यांची १९७० च्या दशकातील वाद्ये आता संग्राह्य ठरू लागली आहेत.

वादकांची निवड : एखाद्या वादकाचा ‘आवाज’ वाद्यापेक्षा तारांनी अधिक ठरतो, हे जेम्स जेमर्सन यांच्या उदाहरणावरून दिसते. डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत ते १९६२ चा प्रिसिजन वापरीत. त्यावर ला बेला कंपनीच्या जाड, सपाट वेष्टनाच्या तारा होत्या. तार तुटल्याशिवाय ते ती बदलत नसत. घोडीवरच्या झाकणाखाली फोमचा तुकडा असे. तार त्याला टेकून स्वर लवकर विझे. उजव्या हाताची केवळ तर्जनी वापरून, वाद्य थेट ध्वनिमुद्रण-फलकाला जोडून त्यांनी बरेचसे मुद्रण केले. आज त्यांचा आवाज शोधणारे वादक १९६२ च्या वाद्यावर मोठी रक्कम खर्च करतात. सपाट तारा व फोमचा तुकडा यांनी त्यातले बरेचसे साधते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. जेमर्सन यांचे मूळ वाद्य त्यांच्या निधनाच्या (१९८३) थोडेच आधी चोरीला गेले. लॉस एंजेलिसमध्ये स्टुडिओवादक कॅरल के या प्रिसिजनच तारांचा स्वर दाबून, पण प्लेक्ट्रमने (तार छेडायच्या लहान चकतीने) वाजवीत. आघात स्पष्ट, बाकी गुण तेच.

गोल वेष्टनाच्या तारा १९६० च्या दशकात रूढ झाल्या. ब्रिटनच्या रोटोसाउंड कंपनीने ‘द हू’ या वाद्यवृंदाचे बेसवादक जॉन एंटविसल यांच्या मागणीवरून त्या घडवल्याचे सर्वमान्य आहे. पियानोसारखी झणझणीत, लांबणारी ध्वनी देणारी ही तार पडदे मात्र झिजवते.

बिनपडद्यांचा पहिला बाजारी बेस अँपेगचा (१९६६). अमेरिकन बेसवादक जॅको पास्टोरियस यांचा १९६२ चा जाझ बेस यांत सर्वांत प्रसिद्ध आहे. त्याचे पडदे त्यांनी स्वतः उपटले की वाद्य मिळाले तेव्हाच ते काढलेले होते, याविषयी त्यांचीच निरनिराळी विधाने नोंदलेली आहेत. खाचा भरून मानेवरच्या पट्टीवर बोटींना लावतात त्या एपॉक्सी राळेचा कडक थर दिल्याने गोल तारांनी लाकूड झिजले नाही, आणि तो ‘गाणारा’ आवाज मिळाला. एवढा भाग निश्चित. हे वाद्य १९८६ मध्ये नाहीसे झाले, दोन दशकांनी सापडले व २०१० मध्ये ‘मेटालिका’चे बेसवादक रॉबर्ट ट्रुहियो यांच्या मदतीने कुटुंबाकडे परत आले.

वाद्यातच विद्युत्‌घटावर चालणारे प्रवर्धन बसवण्याची सुरुवात १९७० च्या आसपास अलेंबिकने केली. म्यूझिक मॅनच्या स्टिंगरेमुळे (१९७६) ते सर्वांच्या आवाक्यात आले. खालच्या बी तारेचे पाच-सहा तारांचे बेसही याच दशकातले.

ध्वनिवर्धक : फेंडरने १९५२ मध्ये बासमन हा पंधरा इंची स्पीकरचा संच प्रिसिजनसाठी आणला. पुढे त्याची दहा इंची चार स्पीकरांची आवृत्ती गिटारवादकांनीच उचलली आणि इंग्लंडमध्ये जिम मार्शल यांनी पहिला ध्वनिवर्धक तिच्याच आराखड्यावरून केला. अँपेगचा पोर्टाफ्लेक्स बी-१५ (१९६०) स्टुडिओंचा लाडका. त्याचा निर्वातनलिकांचा भाग उलटा करून खोक्यातच ठेवता येतो. ताकद केवळ २५–३० वॉट. मोठ्या मैदानांसाठी १९६९ मध्ये त्याच कंपनीचा एसव्हीटी आला : ३०० वॉट, चौदा निर्वातनलिका, नुसता वरचा भागच चाळीस किलोच्या घरात, आणि खाली दहा इंची आठ स्पीकरांचे बंद कपाट. आजचे डी-वर्गाचे (निर्वातनलिकांविना चालणारे हलके) ध्वनिवर्धक तेवढीच ताकद दोन-तीन किलोंत देतात; तरी मुद्रणात जुन्या निर्वातनलिकांना मागणी आहे.

मूल्य व निर्बंध : जुने लाकूड ‘सुकून’ चांगले वाजते, नायट्रोसेल्युलोजचा पातळ रंग लाकडाला ‘श्वास’ घेऊ देतो, अशी मते प्रचलित आहेत. पिकअपची जागा, वेटोळ्यांची संख्या आणि तारा यांचा परिणाम मोजता येतो. वरील मतांना तसा आधार कमी. त्या काळी पिकअपची तार हाताने सोडत गुंडाळली जाई, त्यामुळे एकाच वर्षाची दोन वाद्ये सारखी वाजत नाहीत, हे मात्र खरे. फेंडरने स्वतः १९८२ मध्ये ५७ व ६२ सालच्या वाद्यांच्या प्रतिकृती काढल्या, त्याही आता चाळिशी ओलांडलेल्या आहेत.

मानेवरच्या, बोटे दाबायच्या पट्टीच्या लाकडाचा प्रश्न वेगळ्या स्वरूपाचा आहे. फेंडरने १९५९ पासून मेपलवर शिसवीची पट्टी बसवायला सुरुवात केली. ती सुरुवातीला ब्राझिली शिसवीची, १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मुख्यतः भारतीय शिसवीची. ब्राझिली शिसव १९९२ मध्ये साइट्स (दुर्मिळ वन्य जातींच्या व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय) कराराच्या पहिल्या परिशिष्टात गेली, त्यामुळे अशी पट्टी असलेले वाद्य देशाबाहेर विकताना परवाना लागतो. शिसवीच्या इतर जाती २०१७ मध्ये दुसऱ्या परिशिष्टात आल्या. तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीस त्यातून सूट मिळाली, ब्राझिली शिसवीला ती लागू नाही. नुसत्या डोळ्यांनी या दोन शिसवी ओळखणे जाणकारालाही खात्रीने जमत नाही.