किती चरबी आणि कुठे चरबी: दोन वेगळे वारसे

‘आमच्या घराण्यातच लठ्ठपणा आहे’ असं म्हणताना दोन निराळे वारसे एकाच पिशवीत कोंबले जातात. चरबी किती साठणार हा एक, कुठे साठणार हा दुसरा. मधुमेहाच्या हिशेबात दुसरा जास्त महाग पडतो.

पहिल्यातलं गाजलेलं जनुक एफटीओ. लठ्ठपणाशी त्याचा संबंध २००७ मध्ये कळला. आईवडील दोघांकडून त्याचा जोखमीचा प्रकार आला, तर वजन सरासरी तीनेक किलो जास्त भरतं. बस्स, एवढंच. या गटातली बरीच जनुकं, उदाहरणार्थ एमसी४आर, मेंदूत भुकेचा कारभार बघतात. पोटभर जेवूनही हात फरसाणाच्या डब्याकडे जातो, तो यांचा प्रांत.

दुसऱ्या गटाचं काम बहुतांशी चरबीच्या पेशींतच चालतं. पीपीएआरजी नव्या चरबीपेशी घडवायला लागतं. ते अधू असेल तर त्वचेखालचं कोठार लवकर भरतं आणि जादा चरबी यकृतात, आतड्यांभोवती जाऊन बसते. आयआरएस१ जवळचा एक प्रकार तर चक्क चकवा देतो. तो असलेल्या पुरुषांच्या अंगावर चरबी कमी, पण इन्सुलिनला दाद कमी आणि मधुमेहाची जोखीम जास्त! केएलएफ१४ ची फक्त आईकडून आलेली प्रत चालते, आणि तिच्यातल्या जोखमीच्या प्रकाराचा परिणाम मुख्यतः बायकांत दिसतो: चरबी नितंबांकडून पोटाकडे सरकते.

२००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२. (यात जनुकांखेरीज आईच्या पोटात असतानाचं पोषण आणि राहणीमानही येतं.)

म्हणून वजनकाट्यासोबत टेपही हवा. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, उघड्या अंगावर, सहज श्वास सोडल्यावर मोजा. टेप मागूनही आडवा सरळ हवा, कातडीत रुतायला नको. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंमी, बायकांसाठी ८० ही मर्यादा. पँटचा नंबर सांगून भागत नाही, कारण ढेरी सुटलेला माणूस पँट ढेरीखाली बांधतो आणि चाळिशीतही ‘माझी कंबर चौतीसच’ म्हणत राहतो.