खुलासा : बी उगवायला ऊन लागत नाही

‘बी पेरलेला ट्रे पहिल्या दिवसापासून उन्हात ठेवा’ हा सल्ला दर जानेवारीत सोलापुरात फिरतो. तो चुकीचा आहे. टोमॅटो, वांगी, मिरचीच्या बियांना उगवताना ओल आणि ऊब लागते. मिरचीला तर २५ ते ३० अंश तापमान मानवतं, आणि जानेवारीत आपल्याकडे रात्री पारा त्याच्या बराच खाली उतरतो. दुपारच्या उन्हात ट्रेमधल्या कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) वरचा थर वाळतो, फुटलेला कोंब आतच मरतो. किती बियाणं असं वाया जातं! ट्रे घरातच, ओलसर गोणपाटाखाली ठेवा. कोंब दिसला की मात्र त्याच दिवशी गोणपाट काढा, भरपूर उजेड द्या. इथे हयगय झाली तर रोपं लांबुळकी, पिवळट होतात. गच्चीवर नेण्याआधी आठवडाभर फक्त सकाळचं कोवळं ऊन दाखवा.