घाट चढतानाच गाडी मिसिंग का मारते?

चाळीसगावाहून संभाजीनगरकडे निघालं की थोड्याच वेळात सपाट रस्ता संपतो आणि कन्नडचा घाट सुरू होतो. जुलैतली सकाळ होती. पाऊस नुकताच उघडला होता, घाटात धुकं होतं. आमची कार्बोरेटरची, तीन सिलिंडरची जुनी गाडी धुळ्यापासून इथवर अगदी सुरळीत आली होती. दुसऱ्या वळणावर मी दुसरा गिअर टाकून अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि ती आचके द्यायला लागली. पाय काढला की आचके बंद, दाबला की पुन्हा सुरू. शेवटी मागे वळलो आणि गाडी चाळीसगावात आणली.

गॅरेजवाल्या आबांनी बोनेटला हातही लावला नाही. मला एकदम रेस द्यायला सांगितली, स्वतः सायलेन्सरच्या तोंडापुढे तळवा धरून क्षणभर उभे राहिले आणि म्हणाले, “तीनवर नही भाऊ, दोनवरच चाली राह्यनी गाडी.”

म्हणजे एका सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटत नव्हतं. यालाच गाडी मिसिंग मारते म्हणतात. दोष कुठे आहे ते पाहायला त्यांनी संध्याकाळपर्यंत थांबायला लावलं. अंधार पडल्यावर शटर अर्धं ओढलं, दिवा मालवला, इंजिन चालू ठेवून बोनेट उघडलं आणि स्प्रेच्या बाटलीने प्लगच्या वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारला. मधल्या वायरीच्या अंगातून केसासारखी निळी ठिणगी निघाली आणि चट्‌चट् करत इंजिनाच्या लोखंडावर उड्या मारू लागली. जी ठिणगी प्लगच्या टोकाशी पडायची, ती वाटेतच गळत होती.

ती घाटातच का गळते, सपाटीवर का नाही, हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. त्याच्या उत्तरात इग्निशनचं, म्हणजे प्लगच्या ठिणगीने पेट्रोल पेटवण्याचं, सगळं विज्ञान येतं.

बॅटरी 12 व्होल्टची. प्लगच्या टोकाशी असलेली फट साधारण पाऊण ते एक मिलिमीटर. एवढीशी फट मोकळ्या हवेत ओलांडायची तरी ठिणगीला साधारण 3,000 व्होल्ट लागतात. सिलिंडरमध्ये तर हवा मोकळी नसते, पिस्टनने ती आठ-नऊ पट लहान जागेत कोंबलेली असते. हवा जितकी दाटीची, तितकी ती विजेला वाट द्यायला नाखूश. जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिख पाशेन यांनी 1889 मध्ये दाब, अंतर आणि व्होल्ट यांचं हे नातं मांडलं. त्यामुळे इंजिनात प्रत्यक्षात 10,000 ते 20,000 व्होल्ट लागतात, कधी त्याहूनही जास्त.

हे व्होल्ट येतात कॉइलमधून. लोखंडी गाभ्याभोवती जाड तारेचे काहीशे वेढे, आणि त्यांच्याबरोबर बारीक तारेचे हजारो वेढे. जाड तारेतून बॅटरीचा करंट जातो आणि गाभ्यात चुंबकत्व साठतं. मग तो करंट झटक्यात तोडतात. चुंबकत्व कोसळतं आणि त्या धक्क्याने बारीक तारेत प्रचंड व्होल्ट उभे राहतात. मायकेल फॅरडे यांना 1831 मध्ये सापडलेलं हेच विद्युत-चुंबकीय प्रवर्तन आपण शाळेत शिकतो.

आता नीट लक्षात घ्यायची गोष्ट. कॉइल दर वेळी ठरावीक व्होल्ट देत नाही. करंट तोडला की व्होल्ट चढत जातात, आणि कुठेतरी वाट फुटेपर्यंत चढतच राहतात. फट सोपी असेल तर 8,000 ला फुटेल, अवघड असेल तर 20,000 ला. सपाट रस्त्यावर आपण अ‍ॅक्सिलरेटर थोडासाच दाबतो, सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोलचं मिश्रण कमी जातं, दाबही कमी. घाटात पाय खोल जातो, सिलिंडर गच्च भरतो, दाब वाढतो आणि प्लगची फट ओलांडणं अवघड होतं. व्होल्ट आणखी वर चढतात, आणि त्यांना वाटेतच वायरीच्या आवरणाची भेग सापडते.

रावेर-यावलकडच्या केळीवाल्याला हे सांगावं लागणार नाही. ठिबकच्या नळीला बारीक चीर असते, पण ड्रिपर मोकळे असतात तोवर ती कळतही नाही. ड्रिपर चोंदले, नळीतला दाब वाढला, की त्याच चिरेतून पिचकारी उडते. चीर आधीपासूनच असते, दाब वाढला की ती दिसते.

पावसाने त्यात भर घातली. शुद्ध पाणी विजेचं फारसं वाहक नाही, पण वायरीवरच्या धुळीत आणि तेलकट थरात मुरलेली ओल चांगलीच वाहक होते. भेगेपासून लोखंडापर्यंत ओलसर पाऊलवाट तयारच मिळते. म्हणून अशी गाडी पावसाळ्यात सकाळी कुरकुरते आणि उन्हं वर आली, इंजिन तापून वायरी सुकल्या, की सुधारल्यासारखी वाटते. त्या सुधारण्यावर विश्वास ठेवू नये.

आबांनी वायर हातात घेऊन वाकवली तेव्हा म्हणाले, “वायर नही, वायरनं कातडं मरी गयं.” अगदी नेमकं निदान. हे कातडं दोन गोष्टींनी मरतं. पहिली उष्णता. खान्देशात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, आणि बोनेटखाली, एक्झॉस्टच्या शेजारी, त्याहून कितीतरी जास्त. रबर वर्षानुवर्षं भाजून कडक होतं. दुसरी गोष्ट ओझोन. जिथे उच्च व्होल्ट हवेला छळतात तिथे ऑक्सिजनपासून ओझोन तयार होतो. वेल्डिंगच्या दुकानात तो उग्र वास कधी कधी येतो. हा वायू साध्या रबराच्या रेणूंतले दुहेरी बंध तोडतो आणि जिथे वायर वाकलेली, ताणलेली असते तिथे आडव्या भेगा पाडतो. म्हणजे वायर स्वतःच्याच विजेने तयार झालेल्या वायूने झिजते. सिलिकॉन रबराच्या रेणूच्या कण्यात असे दुहेरी बंध नसतात, म्हणून त्याच्या वायरी जास्त टिकतात.

वायरीच्या आतही पाहण्यासारखं आहे. तिथे तांब्याची तार असेल असं वाटतं, पण बहुतेक वायरींत कार्बन मुरवलेला काचतंतूंचा दोरा असतो. त्याचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, मुद्दाम ठेवलेला असतो, वायरीमागे काही हजार ओहम. कारण ठिणगी म्हणजे छोटं रेडिओ केंद्रच. हाइनरिश हर्ट्झ यांनी 1880 च्या दशकात रेडिओ लहरी ठिणगीनेच निर्माण केल्या होत्या. रोध नसेल तर मध्यम लहरींवर लावलेल्या रेडिओत इंजिनाच्या वेगाबरोबर खरखर वाढत जाते. आणि या रोधाने ठिणगी मरतही नाही. ठिणगीचा करंट साधारण 30 मिलिअ‍ॅम्पिअर धरला तर 10,000 ओहमच्या वायरीत जेमतेम 300 व्होल्ट खर्च होतात. एवढं सहज परवडतं.

मात्र हा दोरा आतून तुटला तर प्रत्येक ठिणगीला वायरीच्या पोटातच आणखी एक फट ओलांडावी लागते. तो दोष मल्टीमीटरवर सापडतो: एकाच वायरीचा रोध बाकीच्यांच्या मानाने भलताच जास्त येतो किंवा काटा हलतच नाही. आवरणाची भेग मात्र मल्टीमीटरला दिसत नाही, कारण तो जेमतेम काही व्होल्टवर मोजतो. तिथे आबांचा अंधार आणि फवाराच लागतो. ही तपासणी जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्यावी. चालू इंजिनाच्या वायरीला हात लागला तर जबर झटका बसतो, आणि पेसमेकर बसवलेल्या माणसाने तर जवळही थांबू नये.

मिसिंगकडे दुर्लक्ष केलं तर नुसता पिकअप जात नाही. न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जातं. धुरातले घातक वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीत ते तिथे जाऊन जळतं, आणि तो महागाचा भाग तापून आतून वितळू शकतो.

वायरी बदलण्याचं काम तसं सोपं आहे. इंजिन पूर्ण थंड हवं. वायर धरून ओढायची नाही, टोकाची रबरी टोपी धरून आधी थोडी पिळायची आणि मग काढायची, नाहीतर आतला दोरा तिथेच तुटतो. सगळ्या एकदम कधीच काढू नयेत. एक काढायची, तिच्याच लांबीची नवी शोधून लगेच लावायची, खट्‌कन बसल्याचा आवाज ऐकायचा, मग दुसरी. क्रम चुकला तर भलत्याच सिलिंडरला भलत्या वेळी ठिणगी मिळते. क्लिपा जुन्या जागीच लावायच्या, वायर एक्झॉस्टला टेकता कामा नये. आणि प्लग जुने असतील तर तेही त्याच वेळी बदलावेत. झिजलेल्या प्लगची फट वाढलेली असते, ती जास्त व्होल्ट मागते, आणि तो ताण नव्या वायरींवर पडतो. नवीन वायरी आणि जुने प्लग ही अर्धवट दुरुस्ती मी कुणालाही सुचवणार नाही.

अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावरच स्वतंत्र कॉइल बसते, त्यामुळे या लांब वायरी उरलेल्याच नाहीत. पण गावोगावी अजून कितीतरी जुन्या पेट्रोल गाड्या धावताहेत, आणि मिनिटाला 3,000 फेऱ्यांवर, दर दोन फेऱ्यांना एक ठिणगी देत, तासभर चाललेल्या इंजिनात प्रत्येक वायरीतून 90,000 ठिणग्या जातात.

दुसऱ्या दिवशी गाडी घाट एका दमात चढली. मधली जुनी वायर मी आबांकडून मागून घेतली होती. घरी ब्लेडने ती उभी चिरली. बाहेरून नखाला जेमतेम जाणवणारी भेग होती, आणि तिच्यातून आतल्या काळ्या दोऱ्यापर्यंत रबर जळून सुईने ओढल्यासारखी कोळशाची एक रेघ गेली होती. घाटात ठिणगी गळत होती ती याच वाटेने.