फूल माकडाचं नव्हे, अळंबीचं सोंग घेतं

इंदूरच्या आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर हनुमान जयंतीला माकडाच्या चेहऱ्याच्या फुलाचा फोटो हमखास फिरतो. खाली ‘दैवी चमत्कार, पुढे पाठवा’. यंदा सोबत बिया विकणारी लिंकही आली आणि शेजारच्या काकूंनी पाकीट मागवलं. आत मोहरीएवढे दाणे होते. हे फूल ऑर्किडचं, आणि ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक असतं. त्यात अन्नसाठाच नसल्याने निसर्गात ते विशिष्ट बुरशीच्या मदतीशिवाय रुजत नाही. म्हणजे हा सरळसरळ फसवणुकीचा धंदा आहे.

फूल मात्र खरं आहे. ड्रॅक्युला सिमिया हे ऑर्किड दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरमध्ये, अँडीज पर्वताच्या कायम ढगांत बुडालेल्या गार जंगलात वाढतं. आपल्या मे महिन्यात ते तग धरणार नाही. त्याचे ‘डोळे’ म्हणजे दोन चिमुकल्या पाकळ्या, ‘नाक’ म्हणजे परागपुंज (परागकणांचे गठ्ठे) सांभाळणारा, फुलाच्या मधला स्तंभ. चेहरा जुळवतो तो आपला मेंदू. फुलाला माकडाशी काही देणंघेणं नाही.

त्याचं गिऱ्हाईक आहे माशी! याच गटातल्या ड्रॅक्युला लाफ्लुरीवर इक्वेडोरच्या लॉस सेड्रोस अभयारण्यात फार सुंदर प्रयोग झाला. या फुलाची खालची पाकळी, म्हणजे ‘ओठ’, अळंबीच्या छत्रीखालच्या पडद्यांसारखी चुणीदार असते आणि तिला वासही अळंबीचाच येतो. त्या वासात ऑक्टेनॉल नावाचं रसायन असतं. खऱ्या अळंबीचा वास मुख्यतः त्याचाच. अळंबीवर जमणाऱ्या झायगोथ्रिका माश्या या वासावर येतात, फुलावरच जोड्या जमवतात आणि ओठ व स्तंभाच्या फटीत शिरल्या की पाठीवर परागपुंज चिकटवून घेतात.

पण माश्या येतात त्या वासामुळे की रूपामुळे? त्रिमितीय छपाईने साचे करून संशोधकांनी सिलिकॉनची हुबेहूब फुलं घडवली. मग अदलाबदल केली: खरा ओठ आणि खोटी निदलं (फुलाचं बाहेरचं, पाकळ्यांसारखं दिसणारं आवरण), खोटा ओठ आणि खरी निदलं. ठिपके असलेली, नसलेली, वासाची, बिनवासाची. 2016 साली निष्कर्ष छापून आले. ओठाचा वास आणि निदलांवरची ठिपक्यांची नक्षी, माशीला दोन्ही लागतात. या निकालात माकड कुठेच नाही, आणि मला तर हे फॉरवर्डमधल्या चमत्काराहून कितीतरी अचाट वाटतं.

याच लॉस सेड्रोसमध्ये खाणकाम येऊ घातलं होतं. इक्वेडोरच्या घटनात्मक न्यायालयाने 2021 मध्ये निसर्गाच्या हक्कांचा आधार घेऊन ते थांबवलं.