तणाव निवळवणे आणि नमते घेणे

पोलीस अधिकारी, मुख्याध्यापक किंवा रुग्णालयातील प्रमुख परिचारिका यांना चिडलेल्या माणसाशी सौम्यपणे बोलण्याचा सल्ला दिला की बहुधा एकच शंका पुढे येते: अशाने वचक राहील का? या शंकेच्या मुळाशी तणाव निवळवणे आणि नमते घेणे यांची गल्लत असते. ती स्वाभाविकही आहे, कारण बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही प्रसंगी अधिकारी आवाज खाली आणताना आणि ऐकून घेतानाच दिसतो.

तणाव निवळवताना बदलते ती केवळ पद्धत, म्हणजे बोलण्याचा वेग, उभे राहण्याचे अंतर, शब्दांची निवड आणि उत्तरासाठी दिलेला अवधी. नियम व निर्णय जागच्या जागी राहतात. नमते घेताना निर्णयच बदलतो, आणि तोही नवी माहिती मिळाली म्हणून नव्हे, तर आरडाओरडा थांबावा म्हणून. हीच मागणी कोणी शांतपणे केली असती तर मान्य झाली असती का, असे स्वतःला विचारावे. उत्तर नकारार्थी असेल, तर अधिकाऱ्याने पड खाल्ली आहे आणि पुढच्या वेळी अधिक मोठ्याने ओरडण्याचे कारणही त्यानेच पुरवले आहे.

१९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमधील ओलीस प्रकरणाचा रक्तरंजित शेवट झाल्यावर न्यूयॉर्क पोलिसांनी १९७३ मध्ये वाटाघाटींसाठी खास पथक उभारले. मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेले डिटेक्टिव्ह हार्वी श्लॉसबर्ग यांचा त्यात मोठा वाटा होता. वेढा पक्का ठेवायचा, मात्र आत घुसण्याची घाई न करता बोलत राहायचे, ही त्यांची रीत. संतापाने किंवा भीतीने शरीरात उसळलेले अ‍ॅड्रेनलिन ओसरेपर्यंत लांबलचक सूचना माणसाच्या नीट ध्यानात येत नाहीत, त्यामुळे असा वेळ देणे हे निव्वळ सौजन्य ठरत नाही.

शब्दांतही हाच भेद दिसतो. ‘तुम्ही फार संतापला आहात, हे मला दिसते आहे’ या वाक्यात भावनेची दखल आहे. ‘बरं, तुम्ही म्हणता तसे करू’ या वाक्यात मागणीला होकार आहे. (‘आधी शांत व्हा’ हा हुकूम यांपैकी कशातच बसत नाही, आणि त्याने राग बहुधा वाढतोच.)

मूळ निर्णयच चुकीचा असल्याचे ऐकताना लक्षात आले, तर तो बदलणे म्हणजे नमते घेणे नव्हे. मात्र बदलाचे कारण तिथेच, सर्वांसमक्ष सांगावे, म्हणजे तो ओरडण्यामुळे झाला असा समज उरत नाही.