चातक आला का?

मे संपत आला की पुण्यात दोन प्रश्न सगळीकडे ऐकू येतात. खडकवासल्यात पाणी किती उरलंय आणि पाऊस कुठवर पोचलाय. वेताळ टेकडीवर पहाटे चढणाऱ्या आम्हा काही जणांचा तिसरा एक प्रश्न असतो : चातक दिसला का?

दिसला, तर ओळखायला सोपा. डोक्यावर टोकदार तुरा, पाठ काळी, पोट पांढरं, शेपटी लांब. उडाला की काळ्या पंखावरचा पांढरा ठिपका लखकन चमकतो. शेपटीसकट लांबी साधारण ३३ सेंटिमीटर. आवाजात मात्र भल्याभल्यांची गल्लत होते. 'पेरते व्हा, पेरते व्हा' असा सूर चढवत नेणारा तो पावशा. करड्या रंगाचा, शिकऱ्यासारखा दिसणारा, इथलाच रहिवासी. चातकाची साद 'पिऊ, पिऊ' अशी खणखणीत असते.

दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काही चातक वर्षभर असतात. आपल्याकडे आणि उत्तरेकडे पावसाळ्यात दिसणारे चातक मात्र आफ्रिकेतून येतात, अरबी समुद्र ओलांडून. मुठीत मावेल एवढा हा जीव. तो वाऱ्याच्या भरवशावर निघतो, असं अभ्यासक मानतात. विषुववृत्ताखालून निघालेला वारा पूर्व आफ्रिकेच्या डोंगरांना अडतो, वळतो आणि सोमालियाच्या किनाऱ्यावरून एका अरुंद, वेगवान झोतात भारताकडे सुटतो. त्याचा जोर समुद्रसपाटीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीवर सर्वांत जास्त असतो. फिंडलेटर नावाच्या हवामानशास्त्रज्ञाने १९६९ मध्ये या झोताचं सविस्तर वर्णन केलं. आपल्या पावसाचं बाष्प आणणारा वारा हाच. ढग आणि चातक एकाच वाटेचे वाटसरू आहेत.

हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून शिवाजीनगरच्या चौकाला आजही सिमला ऑफिस म्हणतात. त्या इमारतीतली माणसं ज्या वाऱ्यावर नजर ठेवून असतात, त्याच वाऱ्याचा प्रवासी जवळच्या टेकडीवरच्या बोरीवर येऊन बसतो, याचं मला दर वर्षी नव्याने अप्रूप वाटतं. पण चातक दिसला म्हणजे चार दिवसांत पाऊस, असं गणित मांडू नये. त्याच्या येण्यावरून पाऊस किती पडेल हेही सांगता येत नाही.

तो येतो अंडी घालायला. आणि घरटं बांधतात सातभाई! बाभळीत, बोरीत कलकलाट करत फिरणारं ते मातकट पाखरांचं टोळकं. त्यांची अंडी सुंदर निळी. चातकाचंही अंडं तसंच निळं, शेजारी ठेवलं तर पटकन फरक कळू नये इतकं. मादी भल्या सकाळी घाईघाईने येते, घरट्याच्या काठावरूनच अंडं आत टाकते आणि निघून जाते. या घाईत सातभाईंच्या अंड्यांना तडाही जातो. युरोपातल्या कक्कू या कोकिळेच्या नात्यातल्या पक्ष्याची पिल्लं यजमानांची अंडी पाठीवर घेऊन बाहेर ढकलतात. चातकाचं पिल्लू तसं करत नाही, त्यामुळे सातभाईंचीही पिल्लं कधीकधी जगतात. पण घास आधी मागून घेण्यात ते तरबेज. सातभाईंच्या घरात पिल्लांना भरवायला आईबाप असतातच, शिवाय थव्यातले काका, मावश्याही राबतात. चातकाने याहून चांगलं घर शोधलं नसतं.

चातक फक्त पावसाचे थेंब झेलतो, हे आपण लहानपणापासून ऐकलं. मानेला भोक असल्यामुळे त्याला खालचं पाणी पिता येत नाही, असंही सांगतात. पण त्याच्या मानेला काही भोकबिक नसतं. त्याचं मुख्य अन्न म्हणजे सुरवंट, अगदी इतर पक्षी टाळतात ते केसाळ सुरवंटसुद्धा. गिळण्याआधी तो सुरवंट चोचीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दाबून आतला कोथळा काढून टाकतो. असा रसाळ घास मिळाला की शरीराला बरंचसं पाणी त्यातूनच मिळतं. आता पाऊस आणि चातक यांचा खरा धागा बघा : सरी आल्या की पालवी, पालवीवर सुरवंट, आणि त्या सुरवंटांच्या भरवशावर पिल्लं. चातकासारखी वाट बघणं आपण म्हणतो, ते तसं खोटं नाही.

म्हणून मला आपल्या माळांची काळजी वाटते. खुरट्या बोरी-बाभळींचा माळ दिसला की त्याला 'पडीक' म्हणायची आपल्याला सवय आहे. मग तिथे प्लॉट पडतात, नाहीतर चांगल्या हेतूने झाडं लावली जातात. पुण्याच्या टेकड्यांवर लावलेल्या गिरिपुष्पाखाली फिरून बघा. सावली दाट, पण गवत विरळ आणि सातभाईंचा गलका कमी. हिरवं झालं म्हणजे भलं झालंच असं नाही. दिवे घाट चढून सासवडच्या बाजूला गेलात तर अजून उघडे माळ लागतात. जूनमध्ये तिथे तासभर शांत बसा, आणि चातक दिसला तर तारीख लिहून ठेवा. ई-बर्डसारख्या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर ती नोंदवली तर अभ्यासकांच्याही उपयोगी पडते.

सप्टेंबरात पुन्हा जा. सातभाईंच्या टोळक्यामागे पंख फडफडवत घास मागणारं, त्यांच्यात अजिबात न शोभणारं एखादं काळपट पिल्लू दिसेल. त्याने आपले खरे आईबाप कधी पाहिलेले नसतात. पाऊस सरला की तेही निघतं. सातभाई जन्मभर त्याच माळावर राहतात, त्यामुळे समुद्रापलीकडची वाट त्याला दाखवणारं त्या थव्यात कोणीच नसतं.